मोबाईलवर रोज टाकायचं काय?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. बऱ्याच गटांनी मागणी केल्यामुळं इथं छापत आहोत.)

सगळ्या ताई, मावशी, अक्का आणि आज पहिल्यांदाच सभेला आलेल्या नव्या गटांच्या मैत्रिणींनो, अध्यक्ष ताईंनी मला वीस मिनिटं दिली आहेत. घड्याळ त्यांच्याच हातात आहे, त्यामुळं लगेच विषयाला येते.

मी वयानं तुमच्यापेक्षा लहान. शेंगा चटणी कशी कुटायची, कडक भाकरी किती पातळ थापायची, हे मी तुम्हाला काय सांगणार? ते तुम्हीच मला शिकवलंय. आज मी फक्त एका प्रश्नावर बोलणार आहे. गेल्या दोन महिन्यांत मी ज्या गटात बसले, तिथं कुणीतरी हा प्रश्न विचारलाच. "मॅडम, व्हॉट्सॲप बिझनेस घेतलं, फोटो टाकले, भाव टाकला. आता रोज रोज टाकायचं काय?"

प्रश्न खरा आहे. भाव एकदा सांगितला की संपला. मग आपण काय करतो? सकाळी गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ. सणाला पणतीचं चित्र. तसली दहा-पंधरा फुलं गिऱ्हाइकाला सकाळपासून आलेली असतात. ते बघतं आणि पुढं सरकवतं. त्या फुलात तुमची चटणी कुठंच नसते.

मी विचारते, "ताई, तुमच्या कामाबद्दल काहीतरी सांगा ना." तर उत्तर ठरलेलं. "आमच्याकडं सांगण्यासारखं काय असतंय? उठायचं, झाडलोट करायची, शेंगा भाजायच्या, कुटायच्या, पाकिटं भरायची. रोज तेच."

रोज तेच, हे तुमच्यासाठी खरं आहे. पण पुण्यातल्या गिऱ्हाइकानं उखळ शेवटचं कधी पाहिलं असेल? तुम्हाला जे रोजचं, ते त्याला ठाऊकच नाही. आणि ते कळलं नाही की त्याच्यापुढं फक्त भाव उरतो. मग ते म्हणतं, "बाजारात यापेक्षा स्वस्त मिळते." आपण खाली उतरतो. नाहीतर एखादा व्यापारी आपल्याकडून सुटा माल नेतो, त्यावर 'गावाकडची चव' असं लेबल लावतो आणि चढ्या भावानं विकतो. माल तुमचा, गोष्टही तुमचीच. सांगितली त्यानं आणि तिचे पैसे घेतले त्यानं. म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

आपल्याला बोलता येतं

"आम्हाला लिहाय-वाचाय येत नाही," असं काही मावशी म्हणतील. आपल्या आज्ज्या-पणज्यांना तरी कुठं येत होतं? पण पहाटे जात्यावर बसल्यावर त्या गप्प नव्हत्या. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर या दोघांनी आणि त्यांच्या सोबतच्या बायकांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या निघाल्या. त्यांचे विषय काय? माहेर, भाऊ, लेक, सासुरवास, पंढरीची वाट, शेतातलं काम. म्हणजे बाईचा रोजचा दिवसच. आणि बहिणाबाई चौधरी तर सगळ्यांना माहीत आहेत. लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी घरच्यांनी उतरवून घेतली आणि १९५२ साली, त्या गेल्यानंतर, पुस्तक झालं. शेत, घर, चूल, यातूनच ती गाणी आली.

आपल्याला ओव्या रचायच्या नाहीत. चार ओळींत आपल्या मालाबद्दल खरं सांगायचंय. त्यासाठी कुठं बघायचं, ते आता सांगते. पाच जागा आहेत.

पहिली जागा : गिऱ्हाईक काय विचारतं

ही सगळ्यात सोपी. प्रदर्शनात स्टॉलवर उभं राहिलं की लोक काय काय विचारतात ते आठवा. "चटणीवर तेल का दिसतंय, वरून घातलंय का?" "किती दिवस टिकती?" "फार तिखट आहे का, लेकरं खातील का?" "कडक भाकरी खायची कशाबरोबर?"

एकानं विचारलं म्हणजे अजून दहा जणांच्या मनात तेच असतं. ते न विचारताच पुढच्या स्टॉलवर जातात. म्हणून प्रत्येक प्रश्न म्हणजे एक मेसेज. तेलाचंच बघा. त्याचं उत्तर असं लिहिता येईल:

"काल एका दादांनी विचारलं, चटणीत वरून तेल घालता का? नाही. आम्ही शेंगदाणे भाजून, साल काढून, लसूण-तिखट-मीठ घालून उखळात कुटतो. कुटता कुटता शेंगदाण्याचं स्वतःचंच तेल सुटतं. तेच तुम्हाला दिसतं. पाव किलो, अर्धा किलोची पाकिटं तयार आहेत."

झालं. ह्यात खोटं काही नाही, मोठेपणा नाही. पण वाचणाऱ्याला कळलं की ही बाई स्वतः कुटते.

दुसरी जागा : तुमच्या हाताला काय माहीत आहे

शेंगा किती भाजायच्या हे तुम्ही घड्याळ लावून बघता का? नाही. वासावरून कळतं, साल चुरगाळून बघितली की कळतं. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, नाहीतर आंबूस वास मारतो. चीक शिजला का नाही, ते तुम्ही पळी बघून सांगता. शिवणकाम करणाऱ्या ताई ब्लाऊजचं कापड आधी पाण्यातून का काढतात? शेळ्या असलेल्या ताईंना शेळी आजारी पडणार हे कानावरून, रवंथ करण्यावरून कसं कळतं?

हे ज्ञान आहे, पण आपण त्याला "त्यात काय एवढं" म्हणतो. एकदा काम करता करता मोठ्यानं बोला. शेजारी नवी सून बसली आहे आणि तिला शिकवताय असं समजा. जे बोलाल ते लिहून काढलं की मेसेज तयार.

तिसरी जागा : ऋतू आणि पंचांग

आपलं काम हंगामाबरोबर चालतं, आणि हंगाम रोज बातमी देतो. आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. तिथली मालदांडी ज्वारी लोक नाव घेऊन मागतात. मग तुमच्या कडक भाकरीची ज्वारी कुठल्या रानातली, हे तुम्ही का सांगत नाही? पेरणी झाली, सांगा. हुरडा आला, सांगा. काढणी झाली, नव्या ज्वारीची पहिली भाकरी थापली, फोटो काढा.

ऊन कडक आहे तोवर पापड-कुरडया करून घेतो, हे सांगा. चार दिवस आभाळ आलं आणि सांडगे वाळेनात, म्हणून ऑर्डर उशिरा जाणार, हेही सांगा. उशीर झाला की आपण फोन उचलत नाही. त्यानं गिऱ्हाईक तुटतं. आभाळाचा फोटो टाकून "ओलसर माल पाठवणार नाही, दोन दिवस थांबा," असं म्हटलं तर गिऱ्हाईक थांबतं. आषाढी जवळ आली की वाटेवर टिकणारी कडक भाकरी आणि चटणी लागतेच. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे. वारीला जाणाऱ्यांना पंधरा दिवस आधी आठवण करून द्या.

चौथी जागा : बिघडलं तेव्हा काय केलं

हे ऐकून काही जणी हसतायत. "बिघडलेलं कशाला सांगायचं मॅडम?" सगळंच सांगू नका. पण एका गटात शेंगांचा एक घाणा जरा जास्त भाजला गेला. चटणी कडवट लागायला लागली. ताईंनी तो माल पाकिटात भरला नाही, बाजूला काढला. नुकसान सोसलं. त्यांनी ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही, कारण त्यांना लाज वाटली. मला विचाराल तर वर्षभरातली ती त्यांची सगळ्यात चांगली जाहिरात होती. "आज एक घाणा कडवट झाला, तो विकायला ठेवला नाही. उद्या नवीन करतोय." एवढ्या दोन ओळी वाचल्या की गिऱ्हाईक पुढच्या वेळी भाव विचारताना दोनदा विचार करेल.

पाचवी जागा : आपला गट

दर आठवड्याला बसतो, बचत करतो, अंतर्गत कर्ज देतो. त्यातून कुणी वजनकाटा घेतला, कुणी पाकीट बंद करायचं मशीन घेतलं. दहा जणींत काम कसं वाटून घेतलं, कोण भाजतं, कोण कुटतं, कोण हिशोब ठेवतं. लिज्जत पापडची गोष्ट आजही सांगतात ना? १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायका, उसने घेतलेले ८० रुपये आणि गच्चीवर लाटलेले पापड. साठ वर्षं उलटली तरी लोक ती सुरुवात विसरले नाहीत. तुमच्या गटाचीही सुरुवात आहे. ती लिहून ठेवलीत का?

लिहायचं कसं

तीन गोष्टी एका मागोमाग ठेवा. आज काय झालं. त्यावरून आपल्या मालाबद्दल काय कळतं. आणि गिऱ्हाइकानं काय करायचं, म्हणजे वजन, भाव, कधी मिळेल, कुणाला फोन करायचा. एका मेसेजमध्ये एकच गोष्ट. बोलतो तसंच लिहा. 'आमच्या दर्जेदार उत्पादनाचा लाभ घ्यावा' असलं कुणी घरात बोलत नाही. टाइप करायला जमत नसेल तर मोबाईलवर माइकचं चिन्ह दाबून मराठीत बोला, अक्षरं आपोआप उमटतात. मग लेकीला नाहीतर नातवाला एकदा वाचायला सांगा.

अजून एक महत्त्वाचं. स्टेटस २४ तासांनी जातं, आणि ते दिसायला दोघांनी एकमेकांचा नंबर सेव्ह केलेला लागतो. ब्रॉडकास्ट यादीतला मेसेजसुद्धा ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच पोहोचतो. म्हणून पाकीट हातात देतानाच सांगा, "ताई, माझा नंबर सेव्ह करून ठेवा." नाहीतर तुम्ही लिहीत राहाल आणि कुणाला दिसणारच नाही.

काय टाकायचं नाही

रोजच्या दिवसातलं सांगायचं म्हणजे घरातलं सगळं उघडं करायचं असं नाही. घरातली भांडणं, आजारपण, कुणाचं कर्ज थकलंय, हे गटाच्या बाहेर जायचं नाही. दुसऱ्या ताईची गोष्ट किंवा फोटो तिला विचारल्याशिवाय नाही. लहान लेकरांचे, मुलींचे फोटो मालाच्या जाहिरातीत नकोत. आणि "ह्यानं शुगर बरी होते, गुडघेदुखी जाते," असं चुकूनही लिहू नका. ते खोटं ठरतं आणि खाण्याच्या पदार्थाबद्दल असा दावा करायला कायद्यानं बंदी आहे. त्यापेक्षा पाकिटावर एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर, तयार केल्याची तारीख आणि वजन नीट दिसतंय का ते बघा.

आणि मोबाईल आपला नसेल तर?

हा खरा अडचणीचा मुद्दा, तो मी टाळणार नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणींच्या घरी एकच फोन आहे, तो मालकांकडं नाहीतर मुलाकडं असतो. संध्याकाळी हातात येतो तेव्हा आपण स्वयंपाकात. म्हणून मी म्हणते, सुरुवात फोननं करू नका, वहीनं करा. गटाची एक वेगळी वही. इतिवृत्ताची नाही, हिशोबाची नाही. आठवडी बैठक संपायच्या आधी पाच मिनिटं प्रत्येकीनं एकच गोष्ट सांगायची, की ह्या आठवड्यात गिऱ्हाईक काय म्हणालं, नाहीतर कामात काय नवं झालं. जिला लिहिता येतं तिनं लिहायचं. दहा जणींचा गट, चार बैठका, म्हणजे महिन्याला चाळीस गोष्टी. त्यातल्या दहा जरी चांगल्या निघाल्या तरी तीन दिवसांआड एक मेसेज होतो. गटातल्या एकीचा फोन पुरतो. आणि फोन कुणाचाही असो, शब्द सगळ्यांचे असतात.

अध्यक्ष ताई घड्याळ दाखवतायत, त्यामुळं शेवटचं काम सांगते. पुढच्या सभेला येताना प्रत्येक गटानं वहीतली एक गोष्ट आणायची. लिहून आणा, नाहीतर तोंडपाठ आणा. उभं राहून सांगायची. भाषण नको, चार ओळी. ज्या गोष्टी सगळ्यांना आवडतील त्या आपण ह्याच अंकात छापू, गटाच्या नावासकट. आणि ज्यांना वाटतंय की आपल्याकडं काहीच नाही, त्यांनी उद्या काम करताना शेजारणीला एवढंच विचारा, "मी आत्ता जे केलं ते असंच का केलं, सांग बरं?" ती जे उत्तर देईल ते लिहून आणा.