चकमकीच्या टेकड्यांतील दोनशें मैल

पायगाडी हा जुना मराठी शब्द आतां वापरांतून गेला आहे, आणि एका अर्थीं तें वाईटच झालें. वाहन कितीही सफाईदार असलें तरी त्यास जुंपलेला बैल म्हणजे त्यावर बसणाऱ्याचेच दोन पाय, ही गोष्ट त्या शब्दांत उघड होती. सायकल या शब्दांत ती झांकली जाते. अमेरिकेंतील कॅन्सस संस्थानांत दरवर्षीं मे-जूनच्या संधीस जी एक शर्यत होते, तिच्यांत मात्र ती झांकून राहूं शकत नाहीं. दोनशें मैल, म्हणजे सुमारें ३२२ किलोमीटर, खडीच्या रस्त्यानें एका दमांत तोडावयाचे. मध्यें मुक्काम नाहीं, निजणें नाहीं, आणि मागून मदतीची मोटार येत नाहीं. शर्यतीचें नांव ‘अनबाउंड ग्रॅव्हल’. ग्रॅव्हल म्हणजे खडी. आणि अनबाउंड म्हणजे बंधन सुटलेला, हें नांव ठेवणाऱ्यानें बहुधा शेवटच्या पन्नास मैलांचा विचार केलेला नसावा.

शर्यतीचें ठाणें एम्पोरिया. पंचवीस हजारांच्या आंतबाहेर वस्तीचें हें गांव. वर्तमानपत्रांच्या इतिहासांत त्याचें नांव आहे तें ‘एम्पोरिया गॅझेट’चे संपादक विल्यम ॲलन व्हाइट यांच्यामुळें; त्यांच्या एका अग्रलेखास १९२३ सालीं पुलित्झर पारितोषिक मिळालें होतें. गांवाभोवतींच्या प्रदेशास फ्लिंट हिल्स, म्हणजे चकमकीच्या टेकड्या म्हणतात. सुमारें अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वीं येथें उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशीं चुनखडीचे थर सांचले आणि त्या थरांत चकमकीच्या गांठी धरल्या. पुढें उघड्या पडलेल्या चुनखडीस पाण्यानें विरघळविलें. चकमक विरघळत नाहीं, ती वर राहिली. शेतकरी नांगर घेऊन आला तेव्हां त्याचा फाळ या दगडांपुढें चालेना, आणि त्यानें ती जमीन गुरांना सोडून दिली. उत्तर अमेरिकेच्या मध्यभागीं पूर्वीं पुरुषभर उंचीच्या गवताचीं जीं अफाट कुरणें होतीं, त्यांतला शंभरांत चारांइतका हिस्सादेखील आज शिल्लक नाहीं. आणि जें शिल्लक आहे त्यांतलें बहुतेक याच टेकड्यांत आहे. १९९६ सालीं त्याच्या एका भागास राष्ट्रीय संरक्षण मिळालें. ज्या दगडानें नांगर अडविला तोच येथील रस्त्यांवर पसरलेला आहे, आणि तो फुटला म्हणजे त्याच्या कडा वस्तऱ्यासारख्या होतात.

२००६ सालीं पहिली शर्यत झाली तेव्हां अवघे ३४ स्वार होते. आज लहानमोठ्या सर्व अंतरांचे मिळून हजारों लोक येतात, आणि जागा थोड्या व मागणी फार म्हणून सोडत काढावी लागते. २०२० पर्यंत शर्यतीच्या नांवांत ‘कान्झा’ हा शब्द होता, व त्यास ‘मळकट’ या अर्थाचें विशेषण जोडलेलें होतें. कान्झा अथवा कॉ हे या भूमीचे मूळ रहिवासी. संस्थानाचें नांवच त्यांच्यावरून पडलें आहे. काउन्सिल ग्रोव्हजवळची त्यांची राखीव जमीन सोडावयास लावून १८७३ सालीं त्यांस दक्षिणेस हलविण्यांत आलें. ज्यांस घरांतून बाहेर काढलें, त्यांच्याच नांवास मळकट म्हणून त्यांच्याच अंगणांत उत्सव करणें शोभत नाहीं, हें ध्यानांत यावयास चौदा वर्षें लागलीं; तथापि आलें हें खरें.

खडीवरून सायकल हांकणें ही कांहीं नवी कल्पना आहे असा देखावा अलीकडे विक्रेते करतात, तो खरा धरूं नये. डनलॉपनें १८८८ सालीं हवेचा टायर काढला तेव्हां गांवाबाहेर गुळगुळीत रस्ता ही दुर्मिळ वस्तु होती. १८९१ सालीं शार्ल तेराँ यानें पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याचें सुमारें १२०० किलोमीटर अंतर ७१ तास २२ मिनिटांत तोडलें तें अशाच वाटांनीं. १८९७ सालीं अमेरिकन सैन्याच्या पंचविसाव्या पायदळ पलटणींतील वीस कृष्णवर्णी शिपाई मोंटानांतील फोर्ट मिझुलापासून सेंट लुईपर्यंत १९०० मैल ४१ दिवसांत सायकलींवरून गेले. मुंबईचे अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगरा हे तीन तरुण १९२३ मध्यें निघाले ते जगप्रदक्षिणा करून १९२८ मध्यें परतले. त्यांना चांगला रस्ता भेटला तो अपवाद म्हणून. नवें आहे तें एवढेंच कीं, डांबर सर्वत्र झाल्यावर माणूस तें मुद्दाम सोडून खडी शोधीत जातो.

या शर्यतींत पुढें असतात ते व्यावसायिक. २०२४ सालीं ऑस्ट्रेलियाचा लाक्लन मॉर्टन सव्वानऊ तासांच्या आंत परत आला. अलीकडे त्यांना आधीं सोडतात आणि हौशी लोकांना मागाहून. तें बरेंच झालें, कारण दोघांचा खेळ एकच नव्हे. खरी मौज पाहावयाची ती मागच्या गर्दींत. चाळिशी ओलांडलेला, आठवडाभर शाळेंत शिकविणारा किंवा रुग्णालयांत राबणारा एखादा गृहस्थ डोळ्यांपुढें आणावा. गृहस्थाच्या जागीं बाई आणली तरी चालेल, कारण बायकाही तितक्याच हिरिरीनें येतात. वर्षभर तो पहाटे चारला उठून सराव करतो. सरावाचे लांब पल्ले मात्र कामाच्या दिवशीं बसत नाहींत. ते रविवारांतून कापून काढावे लागतात, आणि ते रविवार त्याच्या एकट्याचे नसतात. मुलांची सहल राहिली, पत्नीच्या माहेरचें कार्य चुकलें. म्हणून दोनशें मैलांपैकीं दीडशांवर गाडी टाकून बसण्याची नामुष्की बाहेरच्यास वाटते तेवढी हलकी नसते. घरचें कोणी बोलून दाखवीत नाहीं, हेंच अधिक बोंचतें.

आदल्या रात्रीं त्याची पहिली चिंता हवेची. टायरांत हल्लीं ट्यूब नसते. रबराच्या चिकाचा द्रव असतो, आणि बारीक भोंक पडलें कीं तो तेथें जाऊन गोठतो. सत्तर किलो वजनाच्या स्वारानें पंचेचाळीस मिलिमीटर रुंदीच्या टायरांत तीस-पस्तीस पौंडांच्या आसपास हवा ठेवावी, असा साधारण मेळ आहे. जास्त भरली तर चाक प्रत्येक दगडावरून उडतें व स्वाराची हाडें खिळखिळीं होतात. कमी भरली तर दगड थेट लोखंडी धांवेसारख्या कडेवर आदळतो. चकमकीनें टायरची बाजू चिरली तर मात्र चीक पुरत नाहीं. मग त्या चिरेंत रबराची चिकट वात ठांसावयाची, आणि तेवढ्यानेंही भागलें नाहीं तर पाठीवर आणलेली ट्यूब काढावयाची. हीं सर्व कामें स्वतःच करावयाचीं. नियमच तसा आहे: ठरलेल्या ठाण्यांखेरीज बाहेरच्या माणसाची मदत घेतली कीं शर्यत संपली. एका स्वारानें दुसऱ्यास हात देण्यास मात्र आडकाठी नाहीं, आणि या एका सवलतीवर दिवसभरांत पुष्कळ कांहीं ठरतें.

२०२३ सालच्या शर्यतीची गोष्ट अजून सांगतात. रात्रीं पाऊस झाला होता. पहाटे एम्पोरियाच्या कमर्शियल स्ट्रीटवरून मंडळी मोठ्या उत्साहानें निघाली, आणि दहा-अकरा मैल झाले नाहींत तोंच चिखलाच्या वाटेला लागली. ज्या श्रोत्यांनीं काळ्या रानांतून मृगाच्या पहिल्या पावसांत बैलगाडी जातांना पाहिली असेल, त्यांस अधिक सांगावयास नको. चाक एक फेरा घेतें तोंच मातीचा थर चढतो. दुसऱ्या फेऱ्यास तो दुप्पट होतो. तिसऱ्यास टायर आणि सांगाडा यांच्यामधील फट भरून चाक जागचें हालत नाहीं. अशा वेळीं दोन प्रकारचे लोक दिसतात. एक, जोर करून पायडल मारणारे. मागील गिअर बदलणारी यंत्रणा ॲल्युमिनियमच्या एका लहानशा कानावर टांगलेली असते. सांगाडा वांचावा म्हणून हा कान मुद्दामच नरम केलेला असतो. चिखलानें यंत्रणा आवळली जाते, पायांचा जोर साखळींतून तिच्यावर येतो, आणि कान मोडतो. बाराव्या मैलावर वर्षभराच्या पहांटा मातींत जातात. दुसरे, चाक जड वाटूं लागतांच उतरून सायकल खांद्यावर घेणारे. यांना बाजूनें पुढें जाणारे लोक दिसतात, मन खट्टू होतें. पण थोड्या वेळानें तेच लोक रस्त्याच्या कडेस हातांत मोडका कान घेऊन बसलेले भेटतात. अनुभवी स्वार रंगाऱ्याची रंग ढवळावयाची लाकडी पट्टी खिशांत ठेवून येतो आणि तिनें चिखल खरवडतो. हजारों रुपयांच्या सायकलीची लाज ती पट्टी राखते. कान मोडल्यावरही एक उपाय उरतो: साखळी तोडून आंखूड करावयाची आणि एकाच गिअरवर पुढचे मैल काढावयाचे. असे लोक चढावर सायकल हातांनीं ढकलीत नेतात, आणि चढ तर दिवसभरांत मिळून दहा-अकरा हजार फुटांच्या घरांत जातो.

दुपारी ऊन चढतें. टेकड्यांवर झाड म्हणून नाहीं. सांवली शोधणाऱ्यास ओढ्याकांठच्या चार झाडांशिवाय कांहीं सांपडत नाहीं. आतां प्रश्न पायांचा राहत नाहीं, पोटाचा होतो. शरीरांतील स्नायु व यकृत मिळून साखरेचा जो सांठा ठेवतात तो चारपांचशें ग्रॅमांचा, म्हणजे दोन हजार कॅलरींच्या आंतला. तासाला पांचशें या हिशेबानें चार तासांत तो आटतो, आणि हौशी स्वारास तर पंधरा-सोळा तास जावयाचें असतें. उरलेली भर खाऊनच घालावी लागते. पण आंतडें तासाला साठ ग्रॅमांहून अधिक ग्लुकोज शोषीत नाहीं. त्यांत फळांतील साखर मिसळली तर ती निराळ्या वाटेनें आंत जाते, म्हणून नव्वदपर्यंत मजल जाते. हें गणित कागदावर सोपें आहे. शंभराव्या मैलावर, उन्हानें मळमळत असतां, धुळीनें कोरड्या पडलेल्या तोंडांत बिस्किटाचा तुकडा फिरवीत बसणाऱ्यास तें फार कठीण वाटतें. नुसतें पाणी पीत राहिलें तर रक्तांतील मीठ पातळ होऊन घात होतो, तेव्हां मिठाचाही हिशेब ठेवावा लागतो. गोडाचा इतका वीट येतो कीं, खारवलेला उकडलेला बटाटा हें पक्वान्न ठरतें.

ठाण्यावर घरचीं माणसें उभीं असतात. तीं पाणी भरतात, साखळीस तेल देतात, आणि तेथें एक घडीची खुर्ची मांडलेली असते. या खुर्चीइतका धोका सबंध वाटेंत दुसरा नाहीं. बसलेला माणूस पांच मिनिटांनीं उठेन म्हणतो. तेवढ्यांत मांड्या धरतात, ओले कपडे गार लागूं लागतात, आणि बुद्धि अत्यंत सुसंगत कारणें पुरवूं लागते: सोमवारीं काम आहे, गुडघा जपला पाहिजे, पुढील वर्षीं पाहूं. जाणती पत्नी अशा वेळीं खुर्ची मोटारींतच ठेवते. कित्येक शर्यती त्या बाईनें पुऱ्या केल्या आहेत, नांव मात्र नवऱ्याचें छापून येतें.

पावणेनवाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याच्या आधीं परतणाऱ्यांचा निराळा मान आहे, आणि सावकाश जाणाऱ्या पुष्कळांचें खरें लक्ष्य पहिला नंबर नसून सूर्य हेंच असतें. अशा वेळीं, वीस मैल राहिले असतां, कडेला कोणी अनोळखी स्वार फाटलेला टायर घेऊन उभा असतो. त्याच्या जवळची ट्यूब केव्हांच संपलेली असते. थांबलें तर सूर्य हुकतो. न थांबलें तर तो मनुष्य रात्रीं गवतांत एकटा, कारण बाहेरून मदत आली कीं त्याची शर्यत बुडाली. थांबावें असा नियम नाहीं. बहुतेक लोक थांबतात. पंपाचे दणके मोजतां मोजतां आकाश तांबूस होतें, आणि मग दोघे मिळून दिव्याच्या उजेडांत निघतात.

रात्रीं खडी दिसत नाहीं, ऐकूं येते. दिव्याच्या झोतांत दहाबारा हात रस्ता असतो, बाकी सर्व गवताचा वारा. दूरवर गांवाचे दिवे दिसूं लागतात आणि टेकडीमागें पुन्हां नाहींसे होतात. असें चारपांच वेळां झालें म्हणजे शहाणा मनुष्य त्यांच्याकडे पाहणें सोडून देतो. शर्यतीचें फाटक तीन वाजेपर्यंत उघडें असतें. कमर्शियल स्ट्रीटवर तोंपर्यंत लोक जागे असतात, आणि दोनच्या पुढें आलेल्यास दुपारच्या विजेत्यापेक्षां कमी टाळ्या मिळत नाहींत.

सोमवारीं तो कामावर जातो. पाय दोन दिवसांत ताळ्यावर येतात. हातांस मात्र वेळ लागतो, कारण तळहाताच्या करंगळीकडील बाजूनें जो मज्जातंतु बोटांकडे जातो तो दिवसभर हँडलवर चेपला गेलेला असतो. करंगळी व तिच्या शेजारचें बोट कांहीं आठवडे बधिर राहतात. फळ्यावर खडू निसटतो, कुलुपांत किल्ली फिरत नाहीं. आणि सदऱ्याच्या गुंड्या लावून देण्याचें काम, विचारल्याशिवाय, घरांतील धाकट्या मुलीनें आपल्याकडे घेतलेलें असतें.