शहाण्या मुलींची उधारी



एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वस्थ बसणं अवघड जाणं) आणि ऑटिझम (स्वमग्नता) या दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात, हे मानसोपचारशास्त्राने अधिकृतपणे मान्य करायला २०१३ साल उजाडावं लागलं. अमेरिकन मानसोपचार संघटनेचं ‘डीएसएम’ हे निदानाचं पुस्तक जगभर वापरतात. त्याच्या १९९४च्या आवृत्तीत नियम होता की, मूल ऑटिस्टिक असेल तर त्याला एडीएचडीचं वेगळं निदान द्यायचं नाही. लक्ष न लागणं, चुळबूळ, सगळं ऑटिझमच्याच खात्यावर. पाचव्या आवृत्तीने हा नियम काढून टाकला. म्हणजे आज चाळिशीत असलेली बाई शाळेत होती, तेव्हा तिला दोन्ही निदानं मिळणं नियमातच बसत नव्हतं.

त्यात ती मुलगी. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ऑटिझमवर जो गाजलेला निबंध लिहिला, त्यात अकरा मुलं होती: आठ मुलगे, तीन मुली. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी तपशिलात वर्णन केलं ते चार मुलग्यांचं. त्यांच्या आधी मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टर बाईंनी अशा मुलींबद्दल लिहिलं होतं, पण त्याकडे कित्येक वर्षं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. एडीएचडीचंही तेच. डोळ्यांसमोर येतो तो बाकांवरून उड्या मारणारा मुलगा. खिडकीबाहेर बघत बसलेली मुलगी कुणाला त्रास देत नाही, म्हणून तिच्या प्रगतिपुस्तकावर एवढंच येतं, ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही.’

ऑटिझम मुलग्यांमध्ये मुलींच्या चौपट, असं अनेक वर्षं सांगितलं जायचं. २०१७ साली जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा हे प्रमाण तिपटीच्या जवळ आलं. मुलींची नोंद होता होता राहून जाते, असा त्याचा अर्थ तज्ज्ञांनी लावला.

आता एडीएचडी आणि ऑटिझम हे दोन पाहुणे एका घरात कसे नांदतात ते पाहू. एका बाईचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. तिला डबे ओळीत हवेत, प्रत्येकावर नाव हवं, पोहे ठरलेल्या जागीच हवेत. एका रविवारी ती जेवणखाण विसरून सगळी मांडणी लावते. चार दिवसांत झाकणं इकडची तिकडे, जिऱ्याच्या डब्यात मोहरी आणि पोह्यांच्या जागी चहापूड. पसारा तिनेच केलेला, आणि तो सहन होत नाही तोही तिलाच. कुकर लावला की ती ओट्यापाशी उभी राहून शिट्ट्या मोजते, कारण आतल्या खोलीत गेली तर कुकर लावलाय हेच विसरेल. आणि शिट्टी झाली की ती आवाजाने अशी दचकते की मोजणी चुकते. विसरणं एडीएचडीचं, दचकणं ऑटिझमचं, आणि करपलेल्या डाळीबद्दलची बोलणी एकट्या तिची.

गंमत म्हणजे दोघं एकमेकांना झाकतात. ती भरभर बोलते, मध्येच विषय बदलते, म्हणून लोक म्हणतात, ‘एवढी बडबडी बाई ऑटिस्टिक कशी?’ ती याद्या करते, स्टेशनवर तासभर आधी पोहोचते, म्हणून तेच लोक म्हणतात, ‘हिला कसला एडीएचडी?’ वेळेचा अंदाज येतच नाही, म्हणून ती तासभर आधी निघते, हे कुणी विचारत नाही.

तिसरं पांघरूण आपण घालतो. ‘पाहुण्यांशी नीट बोल’, ‘मोठ्याने हसू नकोस’, ‘तोंड पाडून बसू नकोस’ ही शिकवण मुलींच्या वाट्याला जरा जास्तच येते. तज्ज्ञ ज्याला मास्किंग, म्हणजे आपलं वेगळेपण झाकणं, म्हणतात, त्याची तालीम आपल्याकडे घरातच होते. संक्रांतीचं हळदीकुंकू घ्या. छोटी खोली, गजऱ्यांचा आणि अत्तराचा वास, टोचणारी जर, एकाच वेळी चाललेली दहा बोलणी. ही कुणाला काय विचारायचं ते घरून ठरवून आलेली असते. कुठे हसायचं ते शेजारणीकडे बघून ठरवते. सगळ्या म्हणतात, ‘किती गोड स्वभाव!’ घरी आल्यावर ती साडीही न बदलता अंधारात पडून राहते, तोंडातून शब्द फुटत नाही. घरचे म्हणतात, ‘तिथे तर छान बोलत होतीस.’

शहाणी मुलगी म्हणून मिळालेलं कौतुक हे असं उधारीवरचं असतं, आणि वसुली पुढे होते. शाळेचं वेळापत्रक आणि आईची देखरेख सुटते. नोकरी, संसार, मूल एकदम अंगावर येतं. पाळीच्या आधी आणि रजोनिवृत्तीच्या काळात त्रास वाढतो, असं अनेक जणी सांगतात. ती डॉक्टरांकडे जाते ती नैराश्य किंवा चिंता घेऊन. त्यावर उपचार होतात, मूळ तसंच राहतं. पुष्कळदा खरा उलगडा मुलाच्या तपासणीत होतो: प्रश्नावली मुलाची, भरता भरता आई स्वतःलाच ओळखते.

रक्ततपासणीने किंवा स्कॅनने हे निदान होत नाही. लहानपणाचा इतिहास लागतो. एडीएचडीची काही लक्षणं बाराव्या वर्षाआधी असावी लागतात. म्हणून जुनी प्रगतिपुस्तकं रद्दीत देऊ नका. एडीएचडीवर औषधं आहेत. त्यांतलं मिथाइलफेनिडेट आपल्याकडे ‘शेड्यूल एक्स’मध्ये येतं, म्हणजे चिठ्ठी दोन प्रतींत हवी आणि ते हरएक दुकानात मिळणार नाही. कागद सांभाळणं हीच जिची अडचण, तिला आधी कागदांचीच परीक्षा! ऑटिझम औषधाने जात नाही. तिथे भोवतालचं जग थोडं बदलावं लागतं. कायद्यातही अर्धीच जागा आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत ऑटिझम आहे, एडीएचडीचं वेगळं नाव नाही.

भोवताल बदलायला फार खर्च येत नाही. कामं तोंडी न सांगता लिहून द्या. गोंगाटात तिने कानांवर हेडफोन लावले तर त्याला उद्धटपणा म्हणू नका. हळदीकुंकवातून ती अर्ध्या तासात उठली, तर वाण हातात द्या आणि जाऊ द्या. कुकर घरातल्या दुसऱ्या कुणीतरी बघावा.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. वर्गातल्या त्रास न देणाऱ्या मुलीकडेही लक्ष द्या. मार्क चांगले आहेत म्हणून सगळं ठीक आहे असं धरून चालू नका. आणि इथे बसलेल्या ज्या बायकांना आज स्वतःची ओळख पटल्यासारखं वाटलं, त्यांनी ‘आता या वयात कशाला’ असं म्हणू नये. मोठ्यांची तपासणी करणारे मानसोपचारतज्ज्ञ शोधा, आणि जाताना सोबत तुमचं लहानपण पाहिलेलं माणूस न्या.