वेगळे, पण कसे वेगळे?

श्रोतेहो, आज एका इंग्रजी विशेषणाची हकीकत तुम्हांला सांगायची आहे. विशेषण आहे 'डिस्टिंक्ट'. शब्दकोशात त्याच्यापुढे वेगळा, भिन्न, स्वतंत्र, स्पष्ट असे अर्थ ओळीने दिलेले असतात. आपण त्यातला पहिला उचलतो आणि पुढे जातो. मीही कित्येक वर्षे असाच पुढे जात होतो. त्या घाईची किंमत मात्र माझ्या मामांनी भरली.

मामा खेड्यात राहतात. थोडी कोरडवाहू जमीन आहे. त्यांच्या बांधाला बांध लागून दुसऱ्या एका शेतकऱ्याची जमीन. दोघांचीही तालुक्याच्या गावी जमिनीची काही कामे अडली होती. वरचेवर खेपा घालणे दोघांनाही जमेना, म्हणून त्यांनी एकाच माहीतगार माणसाला मुखत्यार नेमायचे ठरविले. माणूस एक, कामही एकाच जातीचे; तेव्हा दोघांनी मिळून एकाच कागदावर मुखत्यारपत्र करावे आणि एक मुद्रांक वाचवावा, असा बेत झाला. पण कोणीतरी मामांच्या मनात शंका घातली, की कायद्याच्या इंग्रजी मजकुरात 'डिस्टिंक्ट मॅटर्स' असे काहीसे आहे, ते आडवे येईल.

मामांनी मला विचारले, "अरे, तू एवढ्या पोरांना इंग्रजी शिकवतोस. ह्या शब्दाचा अर्थ काय, तो एकदा नीट सांग बघू."

मी क्षणाचाही विचार केला नाही. म्हणालो, "मामा, डिस्टिंक्ट म्हणजे डिफरंट, निराळे. तुमची दोघांची कामे अगदी एकसारखी आहेत, मग निराळे कुठे आले? खुशाल एक कागद करा."

त्यांनी केला. कागद कचेरीत गेला आणि तिथेच अडकला. जमिनी दोन, मालक दोन, एकाचा दुसऱ्याच्या जमिनीशी काडीचा संबंध नाही. तेव्हा कागद एक असला तरी मामले दोन, आणि मुद्रांकही दोहोंचा, असे तिथे सांगण्यात आले. कमी पडलेली रक्कम आणि वर दंड भरावा लागला. कचेरीचे काही चुकले नव्हते. चूक इंग्रजीच्या प्राध्यापकाची होती. मामा मला एका शब्दाने बोलले नाहीत. शेजाऱ्याच्या वाट्याचा दंडही त्यांनीच भरला. का, तर सल्ला त्यांच्या भाच्याचा होता.

घरी येऊन मी पुस्तके काढून बसलो. आपल्या राज्याचा मुद्रांक कायदा १९५८ सालचा. त्याच्या पाचव्या कलमात हा शब्द आहे, आणि त्याआधीच्या १८९९ सालच्या भारतीय मुद्रांक कायद्याच्या पाचव्या कलमातही तोच आहे. एका दस्तात अनेक 'डिस्टिंक्ट' बाबी असतील, तर प्रत्येक बाबीचा वेगळा दस्त केला असता जेवढे शुल्क पडले असते, तेवढ्या सगळ्यांची बेरीज भरावी, असा त्याचा आशय. ह्या शब्दाचा खल सर्वोच्च न्यायालयात १९५५ सालीच होऊन गेलेला आहे. कलकत्त्याहून आलेला तो खटला होता, आणि गंमत पाहा, तोही मुखत्यारपत्राचाच! एकाच गृहस्थाने स्वतःपुरते, आणि शिवाय मृत्युपत्राचा व्यवस्थापक, विश्वस्त अशा निरनिराळ्या नात्यांनी, एकाच कागदावर मुखत्यार नेमले होते. दोन व्यवहार एकाच प्रकारचे असले, तरी ते 'डिस्टिंक्ट' असू शकतात, असे न्यायालयाने धरले. माझ्या मामांना मी नेमके ह्याच्या उलट सांगितले होते!

शेतकरी बंधूंनो, हा भेद तुम्हांला समजायला शब्दकोश नको. दोन शेते डोळ्यांपुढे आणा. माती तीच, पाऊस तोच, दोन्हींत ज्वारीच उभी आहे. ती डिफरंट आहेत का? नाहीत. पण मध्ये बांध आहे, म्हणून ती डिस्टिंक्ट आहेत. 'डिफरंट' हा शब्द विचारतो, सारखे की निराळे? 'डिस्टिंक्ट' विचारतो, एक की दोन? पहिल्याचे उत्तर पिकाकडे पाहून देता येते, दुसऱ्यासाठी बांधाकडेच पाहावे लागते.

ह्याच बांधावरून शब्दाचा दुसरा अर्थही उलगडतो. डिस्टिंक्ट म्हणजे स्पष्ट, ठळक, डोळ्यांना किंवा कानांना नेमके कळणारे. हा अर्थ 'वेगळा'च्या शेजारी येऊन कसा बसला, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. शब्द मूळचा लॅटिन. वेगळे करणे, खूण करून निवडणे, अशा अर्थाच्या क्रियापदापासून तो आला. जे खूण करून वेगळे काढले ते उठून दिसणारच. गवत माजलेला, निम्मा नांगरलेला बांध असेल तर शेते दोन आहेत हे कोणाला कळणार? (आणि मग तंटे कसे होतात, ते मी तुम्हांला सांगायला नको.) तेव्हा वेगळेपणा आणि स्पष्टपणा हे दोन अर्थ परके नव्हेत, एकाच बांधाच्या ह्या दोन बाजू.

आता थोडे शिक्षक बंधुभगिनींसाठी. वर्गात 'अ डिस्टिंक्ट स्मेल ऑफ गॅस' असे वाक्य आले, की मुले 'गॅसचा वेगळा वास' असे भाषांतर करतात. मग वाटते की गॅसला आज नेहमीहून निराळा वास येत होता! म्हणायचे असते ते हे, की वास स्पष्ट येत होता, शंकेला जागा नव्हती. 'अ डिस्टिंक्ट इम्प्रूव्हमेंट' म्हणजेही निराळी सुधारणा नव्हे, सहज लक्षात येण्याजोगी सुधारणा. वेगळेपणा सांगताना ह्या शब्दामागून 'फ्रॉम' येते, 'दॅन' येत नाही. आणि 'डिस्टिंक्टिव्ह' हा त्याचा भाऊ असला तरी त्याचे काम वेगळे. ज्याच्यावरून वस्तू ओळखू येते त्या लक्षणाला डिस्टिंक्टिव्ह म्हणावे. नाव सांगण्यापूर्वीच ज्या आवाजावरून माणूस कळतो, तो आवाज डिस्टिंक्टिव्ह. तोच आवाज दूरध्वनीवर खरखरीशिवाय ऐकू आला, तर तो डिस्टिंक्ट. तिसरा भाऊ 'डिस्टिंग्विश्ड', म्हणजे नामवंत. विद्यार्थ्याच्या शिफारसपत्रात 'ही इज अ डिस्टिंक्ट स्टुडंट' असे लिहिलेले मी पाहिले आहे. हा विद्यार्थी इतरांत मिसळलेला नसून सुटा आहे, एवढाच त्याचा अर्थ!

ह्या भावंडांच्या घोटाळ्यातून मोठी राजकारणेही उभी राहतात. कॅनडा देशात क्वेबेक नावाचा प्रांत आहे. तिथे बहुसंख्य लोक फ्रेंच बोलतात, आणि खाजगी व्यवहारांचा दिवाणी कायदाही फ्रेंच परंपरेतला. हा प्रांत इतरांहून निराळा आहे, हे तर उघडच होते. पण १९८७ साली मीच लेक येथे झालेल्या करारात त्याला राज्यघटनेत 'डिस्टिंक्ट सोसायटी' म्हणायचे ठरले, आणि ह्या दोन शब्दांवर तीन वर्षे वाद पेटला. क्वेबेकमधल्या अनेकांना ती आपल्या अस्तित्वाची पोच वाटली. बाहेरच्या अनेकांना वाटले, आज वेगळा म्हणाल, उद्या विशेष हक्क मागेल. १९९० च्या जूनमध्ये मुदत संपली, सगळ्या प्रांतांची संमती मिळाली नाही, आणि करार बारगळला. माझ्या मते तिथे भांडण निराळेपणाचे नव्हतेच. बांध घटनेत लिहायचा की नाही, ह्याचे होते.

आपल्या राज्यघटनेने तो लिहिला आहे. एकोणतिसाव्या अनुच्छेदात, स्वतःची 'डिस्टिंक्ट' भाषा, लिपी किंवा संस्कृती असलेल्या नागरिकांच्या कोणत्याही गटाला ती जतन करण्याचा हक्क दिलेला आहे. तिथे 'डिफरंट' घातले असते, तर कोणाहून निराळी, हा प्रश्न आधी आला असता, आणि मोजमापाला कोणत्या तरी मोठ्या भाषेची फूटपट्टी लागली असती. आपल्या शेजारची कोकणी घ्या. मराठीशी तिचे किती साम्य आहे, ह्यावर कितीतरी शाई खर्ची पडली. साम्य आहेच, ते नाकारण्याचे कारण नाही. पण साहित्य अकादमीने १९७५ साली तिला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली आणि १९९२ साली ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. मराठी माणसाला हे कधी कधी जड जाते. दोन ज्वारीची शेते आठवली, तर इतके जड जाऊ नये.

मामांनी आणि त्यांच्या शेजाऱ्याने पुढे दोन स्वतंत्र मुखत्यारपत्रे करून घेतली आणि अडलेली कामे मार्गी लागली. मागच्या सुट्टीत मी गावी गेलो, तेव्हा शेजाऱ्यांनी चहाला बोलावले. दंडाचे आपल्या वाट्याचे पैसे त्यांनी रुमालात बांधून ठेवले होते. मामा घेत नाहीत, तुम्ही तरी न्या, म्हणाले. मी ते मामांपुढे नेऊन ठेवले. मामांनी रुमालाकडे पाहिले आणि मला म्हणाले, "तुझे तू दे, त्यांचे त्यांना परत कर. हे दोन मामले आहेत."