रोजची मोटार आणि तिच्या स्प्रिंगा



मोटार साठ-सत्तर हजार किलोमीटर धावली, की तिच्या चाकांपाशी हळूहळू एक खडखडाट सुरू होतो. गतिरोधकावरून उतरताना गाडी एकदा खाली बसून स्थिर व्हावयाची, ती दोन-तीन वेळा डुलते. मेकॅनिक वाकून पाहतो, तेलाने ओली झालेली नळी दाखवतो आणि ‘शॉकअप गेले’ असा निकाल देतो. येथवर सारे सरळ असते. पेच पुढे पडतो. घरातला तरुण मुलगा म्हणतो, ‘जुन्यासारखेच पुन्हा कशाला बसवायचे? आता कॉइलओव्हर घालू.’ त्याच्या मनात शर्यतीची गाडी असते. वडिलांच्या मनात आईची कंबर असते. या दोघांचा समझोता होऊ शकतो काय, आणि होत असेल तर कोणत्या अटींवर, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

कॉइलओव्हर हे नाव भारदस्त असले तरी वस्तू समजावयास कठीण नाही. शॉक अ‍ॅब्झॉर्बरच्या नळीभोवतीच सर्पिल स्प्रिंग बसवलेली असते. नळीवर बाहेरून आटे पाडलेले असतात आणि त्या आट्यांवर एक कडे फिरवून स्प्रिंगची बैठक वर किंवा खाली नेता येते. नळीवरच स्प्रिंग ही रचना काही नवी नव्हे. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी अशीच जोडणी फोर्डच्या इंग्लंडातील गाड्यांत १९५० नंतर रूढ झाली, आणि आज आपल्याकडील बहुतेक लहान मोटारींची पुढली चाके तिच्यावरच उभी असतात. बाजारात वेगळा विकला जाणारा संच नवे देतो ते मुख्यतः आटे, कडे आणि अधिक ताठ स्प्रिंग. यांपैकी पहिल्या दोहोंचा उपयोग आहे. तिसरीविषयी मात्र सावध असावे.

स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्झॉर्बर यांच्या कामाची गल्लत फार होते. खड्ड्याचा धक्का झेलते ती स्प्रिंग. झेललेला धक्का परत उसळून येऊ नये म्हणून त्याची ताकद तेलाच्या घर्षणात जिरवतो तो शॉक अ‍ॅब्झॉर्बर. त्याच्या पोटात एक दट्ट्या असतो, दट्ट्याला बारीक भोके आणि झडपा असतात, आणि त्यांतून तेल कष्टाने वाहते. टांग्याला कमानी होत्या, पण ही दुसरी सोय नव्हती. म्हणून टांगा खड्ड्यातून गेल्यावर आपण बराच वेळ माना डोलवीत बसत असू.

आता आरामाचे गणित पाहू. स्प्रिंगेवर उभी असलेली वस्तू सेकंदाला किती वेळा वरखाली होते, यावर तो आराम पुष्कळसा अवलंबून असतो. शांतपणे चालणाऱ्या माणसाचे अंग सेकंदाला पावणेदोन-दोन वेळा हिंदकळते, आणि त्याची आपल्याला जन्मापासून सवय असते. चांगल्या प्रवासी मोटारीची चाल एक ते दीड आंदोलनाच्या आसपास ठेवतात. दोनच्या वर गेले की अंगाला रस्ता जाणवू लागतो; आणि चार ते आठ आंदोलनांच्या पट्ट्यात बसलेल्या माणसाचे शरीर उभ्या हालचालीने सर्वाधिक त्रासते.

संचाच्या कागदावर स्प्रिंगेचा ताठपणा लिहिलेला असतो. जपानी आणि तैवानी कारखाने तो दर मिलिमीटरला किती किलो असा सांगतात. पुढल्या एका चाकावर गाडीचे तीनशे किलो वजन येते असे धरू. दोन किलोची स्प्रिंग असेल, तर त्या वजनाखाली ती दीडशे मिलिमीटर दबेल आणि गाडीची चाल सेकंदाला सुमारे १.३ पडेल. चार किलोची घातली, तर दाब पंच्याहत्तर मिलिमीटर आणि चाल १.८. सहा किलोची घातली, तर दाब अवघा पन्नास आणि चाल २.२. दुकानदार सहाच्या आकड्याला ‘स्ट्रीट’ म्हणतो! त्याने कोणता रस्ता पाहिला असेल तो असो. तीनशे किलोच्या चाकाला तीन किलोच्या पलीकडे जाणे मला रोजच्या गाडीसाठी मानवत नाही. स्वतःच्या गाडीचे पुढले-मागले वजन वजनकाट्यावर करून घ्यावे आणि हाच हिशेब मांडावा. मागच्या चाकांपाशी स्प्रिंग आणि चाक यांची अंतरे वेगळी असल्यामुळे तेथला आकडा जसाच्या तसा लावता येत नाही, एवढे लक्षात असू द्यावे.

या हिशेबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. चाक खड्ड्यात जाते तेव्हा स्प्रिंग सैल होत होत त्याला खाली ढकलते. पन्नास मिलिमीटरच दबलेली स्प्रिंग पन्नास मिलिमीटरपर्यंतच ढकलू शकेल. कडे आवळून तिला आधीच ताण दिला असेल, तर त्याहूनही कमी. ऐंशी मिलिमीटर खोल खड्ड्यावर ते चाक क्षणभर अधांतरी राहते, आणि अधांतरी चाकाला ना ब्रेक लागतो ना वळण. ‘ताठ गाडी रस्त्याला धरून राहते’ हे वचन गुळगुळीत मैदानावर खरे आहे. पावसाळ्यानंतरच्या चोर्ला घाटात ते उलटे होते.

मागील-पुढील तोलाविषयी मॉरिस ऑली या अभियंत्याचे ऋण मान्य केले पाहिजे. रोल्स-रॉइसमधून तो अमेरिकेत जनरल मोटर्सकडे गेला आणि १९३० नंतरच्या काळात कॅडिलॅक गाडीवर वजने इकडून तिकडे हलवून त्याने प्रयोग केले. उंचवटा आधी पुढल्या चाकांना लागतो, मागच्यांना नंतर. म्हणून मागची चाल पुढच्याहून किंचित जलद असली, की मागचा भाग पुढच्याला गाठतो आणि गाडी नावेसारखी डोके-शेपूट न हलवता सपाट चालते. संच निवडताना पुढची स्प्रिंग मागचीच्या मानाने अवाजवी ताठ तर नाही ना, हे या दृष्टीने पाहावे.

आता उंचीचा प्रश्न. कॉइलओव्हर घेणाऱ्यांपैकी पुष्कळ जण, खरे सांगावयाचे तर, गाडी खाली बसलेली दिसावी म्हणूनच तो घेतात. भारतीय रस्ते काँग्रेसच्या प्रमाणानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच असावा आणि तो ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडता यावा. आपल्या गल्ल्यांत लोकांनी रातोरात घातलेले गतिरोधक हे प्रमाण वाचून घातलेले नसतात. पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात २००९ अखेरपासून २०२२ पर्यंत बनलेली फोक्सवागन पोलो ही या हौसेची लाडकी गाडी. तिची जमिनीपासूनची उंची सुमारे १६५ मिलिमीटर होती, म्हणजे युरोपातल्या भगिनीपेक्षा मुद्दाम अधिक. जर्मन संचाच्या कागदावर ‘तीस मिलिमीटर खाली’ असे लिहिलेले असते ते तिकडच्या उंचीपासून. येथे तोच संच बसवला, तर गाडी त्याहून अधिक उतरते, आणि चार माणसे व सामान घेऊन घरी परतताना पोट गतिरोधकावर घासले, की ते लक्षात येते. पंधरा-वीस मिलिमीटरपलीकडे मी रोजची गाडी उतरवणार नाही. मॅकफर्सन पद्धतीची गाडी फार खाली नेली, तर खालच्या दांड्यांचे कोन बिघडतात आणि वळणावर ती कमी झुकण्याऐवजी अधिकही झुकू पाहते, हे सांगितले तर तरुण मंडळींना नवल वाटते.

उंची बदलण्याच्या पद्धती दोन आहेत आणि त्यांतला भेद पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावा. एकीत केवळ स्प्रिंगेची बैठक खाली येते. गाडी जितकी उतरते तितकी दट्ट्याची वरची धाव कमी होते, आणि लहानशा उंचवट्यावरही तो रबरी अडथळ्यावर आदळतो. दुसरीत नळीचा खालचा पायाच आट्यांवर फिरतो, त्यामुळे धाव कायम राहून उंची बदलते. रोजच्या वापरास दुसरी बरी, मात्र तिच्यात आट्यांची लांबी अधिक आणि म्हणून गंजाची जागाही अधिक. कडे आवळल्याने स्प्रिंग ताठ होते हा समज मात्र सोडून द्यावा. साध्या एकसारख्या स्प्रिंगेचा ताठपणा तिच्या तारेत, वेढ्यांत आणि व्यासात असतो, कड्यात नसतो.

शॉक अ‍ॅब्झॉर्बर एक नळीचा घ्यावा की दोन नळ्यांचा? १९५७ साली बिल्स्टाइनने मर्सिडीझ गाड्यांसाठी एक नळीचा, उच्च दाबाच्या वायूचा शॉक अ‍ॅब्झॉर्बर आणला. त्यात तेलाला फेस येत नाही आणि ते लवकर निवते. परंतु दगड लागून नळीला पोचा पडला, की दट्ट्या अडकतो. दोन नळ्यांच्या प्रकारात बाहेरची नळी तो मार सोसते, दाब कमी असल्यामुळे सीलवरचा ताणही कमी राहतो. घाट उतरण्याचा वेग ज्यांना मर्यादेत ठेवावयाचा आहे, त्यांना दोन नळ्यांचा प्रकार पुरतो. वर फिरवण्याची कळ आणि तिचे सोळा किंवा बत्तीस टप्पे यांची भुरळ पडू देऊ नये. स्वस्त संचात त्यांतले निम्मे टप्पे एकमेकांपासून ओळखूही येत नाहीत, आणि कळ अगदी सैल सोडली, की गाडी मऊ न होता डुलू लागते. कारखान्यानेच नीट जुळवून दिलेला, कळ नसलेला संच हा कमी दर्जाचा समजू नये. बिल्स्टाइनचाच बी १४ हा तसा आहे.

वरच्या टोकाला गाडीच्या अंगाशी जोडणारी बैठक रबरी असावी. शर्यतीच्या संचांत तेथे पोलादी गोळ्याची बैठक असते; तिच्यात आपली तांबडी धूळ गेली, की वर्षाच्या आत ती टकटक वाजू लागते.

टिकाऊपणाचे निम्मे काम गंजाशी असते. पणजीला, मालवणला, रत्नागिरीला राहणाऱ्याने आट्यांची नळी कशाची आहे हे आधी विचारावे. केडब्ल्यू हा जर्मन कारखाना ती गंजरोधक पोलादाची करतो, म्हणून त्याची किंमत लाखाच्या घरात जाते, आणि समुद्रकाठी ती वाजवी ठरू शकते. साध्या पोलादाच्या नळीवर ॲल्युमिनियमचे कडे असले, तर खाऱ्या ओलाव्यात दोन्ही धातू एकमेकांना असे चिकटतात, की पान्याने कड्याचे कान तुटतात पण कडे फिरत नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर आटे ब्रशने स्वच्छ करून त्यांवर मेणासारखा संरक्षक थर द्यावा आणि दट्ट्याच्या दांड्यावरची रबरी टोपी फाटलेली नाही ना हे पाहावे. इंदूर, ग्वाल्हेर किंवा हैदराबादच्या श्रोत्यांना मिठाची चिंता नाही. त्यांचा शत्रू धूळ.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न दुरुस्तीचा. सील गेले, तर ते बदलून नळी पुन्हा भरून मिळते काय, कोठे, आणि किती दिवसांत? काही संच भरून घेता येतात, काही कायमचे बंद असतात आणि बिघडल्यावर फेकावेच लागतात. दुरुस्तीची सोय परदेशात असेल, तर महिना-दीड महिना गाडी दारात उभी राहील, याची मनाशी तयारी हवी. एकट्या गाडीवर चालणाऱ्या घराने बंद प्रकाराचा, पण सुटा नग येथे सहज मिळणारा संच पत्करावा.

कायद्याची बाजूही ऐकून ठेवा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते, की नोंदणीपुस्तकातील तपशील आणि निर्मात्याचा मूळ तपशील यांत तफावत पडेल असा फेरफार मालकाने करू नये. २०१९ च्या दुरुस्तीने परवानगीवाचून केलेल्या दर फेरफारास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. संच घेण्यापूर्वी आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. जर्मनीत असे सुटे भाग तपासणी संस्थेच्या दाखल्यासह विकले जातात आणि तो दाखला गाडीच्या कागदांशी जोडावा लागतो. तेथील दाखला येथे परवानगी म्हणून चालेल असे मात्र समजू नये.

आता वडील आणि मुलगा यांच्या समझोत्याकडे येऊ. मागच्या आसनावर वृद्ध माणसे बसणार असतील आणि गाडीची उंची मूळचीच बरी वाटत असेल, तर मूळ मापाचे चांगले नवे शॉक अ‍ॅब्झॉर्बर, नव्या रबरी बैठका आणि बुश यांनीच गाडी पुन्हा नवी वाटते, आणि खर्च फार कमी येतो. कॉइलओव्हरच घ्यावयाचा असेल, तर स्प्रिंग मऊ, धाव लांब, उंची जवळजवळ मूळची. टायरही त्यातच धरावा. रुंद, बुटक्या कडांचा टायर घालून वर महागडा संच बसवणे म्हणजे उशी काढून घेऊन गादी भरण्यासारखे आहे. रस्त्याला पहिली स्प्रिंग टायरच देतो.

बसवून घेताना गॅरेजमध्ये स्वतः उभे राहावे. पुष्कळ ठिकाणी गाडी हवेत लटकलेली असतानाच खालच्या दांड्यांचे रबरी बुश आवळून टाकतात. गाडी खाली येताच ते पिळवटतात आणि वर्षभरात फाटतात. दोष मग नव्या संचाच्या माथी जातो. बुशांचे नट गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतर, ठरलेल्या मापानेच आवळावयास सांगावे. नंतर अलाइनमेंट करून घ्यावे आणि पुढील दिव्यांचा झोतही तपासावा. पाचशे किलोमीटर झाल्यावर स्प्रिंगा आपल्या जागी बसतात, उंची काही मिलिमीटर उतरते. तेव्हा चारही कोपऱ्यांची उंची चाकाच्या मध्यापासून चिखलपट्टीच्या कडेपर्यंत टेपने मोजावी, कड्यांची कुलपे पुन्हा आवळावी आणि अलाइनमेंट पुन्हा एकदा करावे. ती मोजमापे वहीत तारखेनिशी टिपून ठेवली, तर सहा महिन्यांनी एखादा कोपरा खचू लागल्यास तो डोळ्यांना दिसण्यापूर्वी वहीत सापडतो.