मुष्टियोद्धा मुरलीकांत पेटकर
(मंडळाच्या वर्धापनदिनी भिवंडी येथे झालेले भाषण)



मुष्टियुद्धाचा विषय महिला मंडळात कशाला, असे काहीजणींच्या मनात आले असेल. एकमेकांची नाके फोडण्याच्या खेळाचे कौतुक करायला मी उभी राहिलेली नाही. ज्याचा हा खेळ ऐन उमेदीत हातातून गेला अशा एका योद्ध्याविषयी मला बोलायचे आहे. आणि पुढे त्याच्या अंथरुणापाशी जे सुरू झाले, त्याच्याशी आपणा घरातल्या बायकांचा फार जवळचा संबंध आहे.

मुरलीकांत पेटकर हे सांगलीकडच्या पेठ इस्लामपूरचे. मुलूख कुस्तीचा. लहान वयात ते सैन्यात गेले, विद्युत व यांत्रिकी अभियंत्यांच्या दलात दाखल झाले आणि तेथे सिकंदराबादला मुष्टियोद्धा म्हणून पुढे आले. आपल्याला वाटते, हा हातांचा खेळ. तसे नाही. ठोसा निघतो पायाच्या चवड्यातून, कमरेतून वर चढतो आणि खांद्यातून सुटतो. तीन-तीन मिनिटांच्या फेऱ्या, मध्ये मिनिटभर विसावा. एवढ्यात पाय जागच्या जागी खिळले की मार बसलाच म्हणून समजा.

१९६५ च्या भारत-पाक युद्धात पेटकरांना गोळ्या लागल्या. एक कण्यात राहिली ती राहिलीच. कमरेखालचे अंग लुळे पडले. ज्या खेळाचे सारे भांडवल पायांत, तो खेळ तेथेच संपला.

येथे थोडे विषयांतर करते. दुसऱ्या महायुद्धापर्यंत कण्याला इजा झालेले रोगी फारसे जगत नसत. पडून पडून अंगाला होणाऱ्या जखमा आणि लघवीचे विकार त्यांचा घात करीत. नाझी जर्मनी सोडून इंग्लंडात आलेले डॉक्टर लुडविग गुटमन यांनी १९४४ पासून स्टोक मँडव्हिलच्या रुग्णालयात नियम घातला : रोग्याची कूस दर दोन तासांनी बदलायची, रात्रीसुद्धा. एवढ्यावर माणसे जगू लागली. मग त्यांनी रोग्यांना खेळायला लावले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनची ऑलिंपिक सुरू झाली त्याच दिवशी, रुग्णालयाच्या हिरवळीवर सोळा जायबंदी माणसांनी धनुर्विद्येचे सामने केले. त्यांत दोन स्त्रिया होत्या. त्यातूनच पुढे १९६० साली रोमला पहिली पॅरालिंपिक भरली.

दर दोन तासांनी कूस बदलायची, हे बोलायला सोपे आहे. आपल्या भिवंडीत कोणी माडीवरून पडलेले असते, कोणी कारखान्यात जायबंदी झालेले असते. त्यांची कूस बदलायला रात्री दोन वाजता कोण उठते? रुग्णालयात याला उपचार म्हणतात; घरात सून किंवा बायको करते तेव्हा त्याला नावच नसते. मला हे पटत नाही. अशा घरी आठवड्यातून दोन दुपारी जाऊन त्या बाईला झोप मिळवून देणे मंडळाला अवघड नाही. मी चिटणीसबाईंशी बोलले आहे. ज्यांना जमेल त्यांनी त्यांच्याकडे नावे द्यावीत.

असो. पेटकरांना मुंबईच्या अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात आणले. तेथे पोहण्याचा सल्ला मिळाला तो उपचार म्हणून. पाण्यात अंगाचे ओझे हलके होते, लुळे पायही तरंगतात. पण पुढे सरकायचे ते केवळ खांद्यांच्या बळावर, आणि मुष्टियोद्ध्याचे खांदे व दमसास तर शाबूत होते! १९६८ साली ते तेल अवीवच्या पॅरालिंपिकमध्ये टेबल टेनिस खेळून आले. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेने प्रवासखर्चाला हातभार लावला, ही गोष्ट विसरता कामा नये.

ऑगस्ट १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर पोहण्याची शर्यत झाली. आपण वस्त्रनगरीतल्या बायका, म्हणून आपल्या मापाने सांगते : सहा नववारी लुगडी टोकाला टोक जोडून पसरावीत, तेवढे हे अंतर. पेटकरांनी ते ३७.३३ सेकंदांत कापले. सुवर्णपदक मिळाले आणि जागतिक विक्रमही झाला. पॅरालिंपिकमध्ये भारताचे हे पहिले सुवर्णपदक. ऑलिंपिकमध्ये एकट्या भारतीय खेळाडूला सुवर्णपदक मिळायला २००८ साल उजाडावे लागले. पेटकर भालाफेकीतही उतरले होते.

त्याच महिन्याअखेर म्युनिकची ऑलिंपिक सुरू झाली. तेथे आपल्या हॉकी संघाने मिळवलेले कांस्यपदक लोकांच्या लक्षात राहिले. पेटकर पुण्याच्या टेल्को कारखान्यात नोकरीला लागले. १९८२ साली अर्जुन पुरस्कारासाठी त्यांनी केलेला अर्ज मान्य झाला नाही. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२४ साली त्यांच्यावर 'चंदू चॅम्पियन' हा हिंदी बोलपट निघाला, तेव्हा कोठे घरोघरी नाव कळले. आणि जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपती भवनात जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार त्यांच्या हाती आला. पहिल्या अर्जानंतर त्रेचाळिसाव्या वर्षी!