पैसा आणायचा कोठून?

(कुर्डुवाडी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



रोजगाराची, शाळेची वा दवाखान्याची कोणतीही मागणी घेऊन आपण गेलो की एक ठरावीक उत्तर मिळते : मागणी रास्त आहे, पण पैसा आणायचा कोठून? या प्रश्नापुढे आपले पुष्कळ कार्यकर्ते गप्प होतात. वस्तुतः करांचा प्रश्न हा हिशेबनिसांचा प्रश्न नव्हे. समाजाचा भार कोणी किती वाहावा, याचा तो प्रश्न आहे.

महाराष्ट्राने या प्रश्नाचे एक उत्तर पूर्वीच दिले आहे. १९७२ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातील माणसे खडी फोडण्याच्या कामावर गेली. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेला पुढे १९७७ च्या कायद्याचा आधार मिळाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अंमलात आला. या योजनेसाठी पैसा कोठून आला? १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला, त्याच्या जोडीला आणखी काही विशेष कर आले, आणि जेवढी रक्कम करांतून येईल तेवढीच भर सरकारने घालावी असे ठरले. ज्याला दरमहा पगार मिळतो त्याने, ज्याच्या हाताला काम नाही त्याच्यासाठी काही द्यावे, हे तत्त्व या राज्याने कायद्यात लिहिले.

तथापि या कराची दुसरी बाजूही पाहावयास हवी. संविधानाच्या २७६ व्या अनुच्छेदाने व्यवसाय करावर वर्षाला २५० रुपयांची कमाल मर्यादा घातली होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये झाली. ती आजही तेवढीच आहे. महाराष्ट्रात महिना दहा हजारांहून अधिक पगार घेणारा पुरुष कर्मचारी वर्षाला २,५०० रुपये देतो. येथील स्टेशनावरचा कारकून एवढेच देतो, मुंबईतील बड्या कंपनीचा संचालकही एवढेच देतो. तत्त्व उदात्त होते. पण भार पगारदाराच्या खांद्यावर आला आणि श्रीमंती मोकळी राहिली.

आता केंद्राकडे वळू. निकोलस काल्डोर यांनी १९५६ साली भारताच्या करपद्धतीवर अहवाल दिला. त्यांची कल्पना अशी की प्राप्ती, संपत्ती, देणगी आणि खर्च या सर्वांवर कर असावा, म्हणजे एका विवरणपत्रात जे लपविले जाईल ते दुसऱ्यात उघडे पडेल. प्राप्तिकराचा कमाल दर मात्र ४५ टक्क्यांपुढे नेऊ नये, असेही त्यांनी सांगितले. मृत्युकर १९५३ पासून होताच. १९५७ साली संपत्ती कर व खर्च कर, आणि १९५८ साली देणगी कर आला. पण सल्ल्याचा दुसरा भाग बाजूस राहिला. १९७३-७४ साली प्राप्तिकराचा कमाल दर अधिभारासह ९७.७५ टक्क्यांवर गेला. एवढा कर प्रामाणिकपणे भरणारे किती असणार? आपले विरोधक हा आकडा आपल्या तोंडावर फेकतात, आणि त्यात तथ्य आहे. पण दर कागदावर उंच व पळवाटा त्याहून उंच, एवढाच त्याचा धडा आहे. संपत्तीवर कर नको, असा नव्हे.

यानंतर एकेक भिंत पाडण्यात आली. खर्च कर १९६६ साली गेला, मृत्युकर १९८५ साली, देणगी कर १९९८ साली. संपत्ती करातून १९९३ पासून कंपन्यांचे शेअर वगळले गेले. ज्या काळात मोठी संपत्ती शेअरांच्याच रूपात वाढत होती, त्या काळात कर उरला तो दागिने, मोटारी आणि शहरांतील मोकळ्या जमिनी यांवर. मग २०१३-१४ साली त्यातून जेमतेम १,००८ कोटी रुपये आले, आणि उत्पन्न थोडे, खटाटोप फार असे कारण देऊन २०१५ च्या अर्थसंकल्पात तोही रद्द झाला. आधी विहिरीचे झरे बुजवावयाचे आणि मग पाणी नाही म्हणून ती बंद करावयाची, असा हा न्याय!

त्याऐवजी एक कोटीहून अधिक प्राप्ती असणाऱ्यांवर दोन टक्के जादा अधिभार लावला गेला. त्यातून पैसा अधिक येतो हे खरे. पण अधिभार प्राप्तीवर असतो. ज्याने शेअर विकलेच नाहीत त्याची वाढलेली संपत्ती त्यातून निसटते. शिवाय अधिभारातील एक पैसाही राज्यांच्या वाट्याला येत नाही.

कंपन्यांचेही तसेच. २० सप्टेंबर २०१९ रोजी, सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्के आणि नव्या कारखान्यांसाठी १५ टक्के करण्यात आला. वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचे उत्पन्न सोडावे लागेल, असे अर्थमंत्र्यांनीच सांगितले. गुंतवणूक आणि रोजगार वाढेल ही अपेक्षा होती. २०२३-२४ ची सरकारची स्वतःची आर्थिक पाहणी मात्र म्हणते की २०१९-२० ते २०२२-२३ या काळात कंपन्यांचा करपूर्व नफा जवळजवळ चौपट झाला. नोकरभरती व वेतनवाढ त्या वेगाने झाली नाही. २०२३-२४ साली व्यक्तींच्या प्राप्तिकरातून सुमारे १०.४४ लाख कोटी आले आणि कंपन्यांकडून ९.११ लाख कोटी. साबण विकत घेणारी मजूर स्त्री जो वस्तू व सेवा कर देते, तो याहून वेगळा.

जास्त कर लावला तर भांडवल पळून जाईल, असे म्हणतात. काही प्रमाणात जाईलही. म्हणूनच २०२१ साली १३० हून अधिक देशांनी बहुराष्ट्रीय कंपन्यांवर किमान १५ टक्के कर असावा असे मान्य केले. अमेरिकेच्या विरोधाने तो करार लंगडा झाला आहे, ही गोष्ट वेगळी. पण जमीन, खाणी आणि येथील बाजारपेठ कोण उचलून नेणार? शिवाय संपत्ती एकट्याच्या कर्तबगारीने होत नाही. या गावातून १८९७ साली बार्शीला जाणारी छोटी गाडी सुरू झाली, ती विलायती कंपनीची होती; १९५४ साली ती सरकारने घेतली. रुळांमुळे पेठा वाढल्या, जागांचे भाव चढले. ही वाढ सर्वांच्या श्रमाची व खर्चाची. तिच्यातील काही वाटा समाजाने परत मागणे म्हणजे लूट नव्हे.

वारसा कराचे नाव काढताच २०२४ च्या निवडणुकीत बायाबापड्यांना दागिन्यांची भीती घालण्यात आली. गावात हा प्रश्न विचारला जाईल, तेव्हा नेमके उत्तर द्या. थॉमस पिकेटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी जी सूचना केली, तीत दहा कोटींवरील संपत्तीवर दोन टक्के वार्षिक कर आणि दहा कोटींवरील वारशावर ३३ टक्के कर आहे. त्यांच्या हिशेबाने दर दहा हजार प्रौढांत चौघांनाच तो लागेल. माढा तालुक्यातील पाच एकरांचा धनी त्यात येत नाही. मात्र शेतीच्या नावाखाली मोठे उत्पन्न झाकणाऱ्यांविषयीही आपण बोलले पाहिजे. के. एन. राज समितीने १९७२ सालीच मोठ्या धारणांवर कर सुचविला होता, आणि त्यावर सर्वच पक्षांनी मौन पाळले. तेथे गप्प बसून केवळ मुंबईच्या भांडवलदाराकडे बोट दाखविले, तर आपल्यावर कोण विश्वास ठेवील?

म्हणून माझे सांगणे थोडके आहे. दर फार उंच नको, पण शेअर धरून सर्व मोठी संपत्ती कक्षेत हवी; व्यवसाय कराची मर्यादा उत्पन्नाशी जोडली जावी; जे मिळेल त्यात राज्यांचा वाटा असावा; आणि तो पैसा रोजगार, शाळा व दवाखाना यांवर खर्च झालेला गावाला दिसावा. ही चार वाक्ये जो कार्यकर्ता पारावर बसून शांतपणे समजावून सांगू शकेल, त्याला पैसा कोठून आणायचा या प्रश्नापुढे मान खाली घालावी लागणार नाही.