सोंग आपलं, जबाबदारीही आपलीच
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी प्रत्येकाला आपल्या छंदाबद्दल दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. ही सॉफ्टवेअरवाली, म्हणजे एआयवर बोलणार, असं बऱ्याच जणांना वाटलं असेल. ते आपल्या ग्रुपवर रोज येतंच. मी एका खेळाबद्दल बोलणार आहे, आणि त्या खेळात माणसं वाईट वागली तर काय करायचं, याबद्दल.

खेळाचं नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी तो काढला. त्याला संगणक लागत नाही. टेबल, कागद, पेन्सिल, फासे आणि चार-पाच माणसं एवढं पुरतं. प्रत्येक जण एक पात्र घेतो. कुणी लढवय्या, कुणी जादूगार, कुणी चोर. एक जण सूत्रधार असतो. तो सांगतो, ‘समोर बंद दार आहे, आत कुणीतरी कण्हतंय. काय करता?’ काय करायचं ते खेळाडू ठरवतात, ते जमलं की नाही एवढंच फासा सांगतो. पुण्यातल्या आमच्या गटात महिन्यातले दोन रविवार मी सूत्रधार असते.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या पैठणच्या एकनाथ महाराजांनी भारुडांतून जोशी, वासुदेव, गोंधळी उभे केले. सोंग घेतलं की एरवी बोलता येत नाही ते बोलता येतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. सापशिडीचा जुना अवतार असलेला मोक्षपट परंपरेनं ज्ञानेश्वर माउलींच्या नावाशी जोडला जातो. त्यात सद्गुणांच्या शिड्या असतात आणि दुर्गुणांचे साप. पण त्या सापाच्या तोंडी आपल्याला फासा नेतो. आमच्या खेळात मात्र आपण आपल्या पायांनी चालत जातो. अडचण तिथंच सुरू होते.

मी खेळासाठी एक गाव रचलंय. रेल्वे स्टेशन, आठवडी बाजार, कांद्याच्या चाळी. नाव वेगळं ठेवलंय, पण तुम्ही लगेच ओळखाल. एकदा खेळाडूंना सावकाराची तिजोरी फोडायची होती. चोराचं पात्र घेतलेला एक तरुण इंजिनिअर म्हणाला, “मी गावाबाहेरची कडब्याची गंजी पेटवतो. लोक तिकडं धावतील, आपण तिजोरी उघडू.” दोघं हसले. एक जण गप्प झाला. तो शेतकऱ्याच्या घरातला, आणि भाऊबंदकीत त्यांची गंजी खरोखरच जाळली गेली होती. हे मला माहीत होतं, इतरांना नव्हतं.

अशा वेळी आधी टेबलावरचं माणूस बघायचं, पात्र नंतर. 2013 मध्ये जॉन स्टॅव्रोपोलस यांनी यासाठी एक साधी युक्ती काढली. टेबलावर फुली मारलेलं एक कार्ड ठेवायचं. कुणी त्याला हात लावला की तो प्रसंग गाळायचा, कारण विचारायचं नाही. आमच्याकडं ते कार्ड असतं. मी चहा मागवला आणि कार्ड त्याच्याकडं सरकवलं. त्यानं हात लावला नाही. एवढंच म्हणाला, “चालू दे. पण गंजी कुणाची ते सांग.”

मग मी सांगितलं. चैत्र महिना आहे. पाऊस पडेपर्यंत बैलांना एवढाच चारा आहे. बैल शेजारीच बांधलेले आहेत. चोराला विचारलं, “नक्की पेटवतोस?” तो म्हणाला, “माझं पात्रच तसं आहे.” फासा पडला, गंजी पेटली, तिजोरीही उघडली.

सूत्रधाराच्या हातात सगळं असतं. आकाशातून वीज पाडून मी त्या चोराला तिथल्या तिथं संपवू शकले असते. मी ते करत नाही. वीज पाडली की खेळाडू एवढंच शिकतो की सूत्रधाराला राग आला. गंजीवाल्याचं काय झालं, ते त्याला कळत नाही.

पुढच्या खेपेला मी गाव होतं तसंच चालू ठेवलं. चाऱ्यावाचून शेतकऱ्यानं बैल बाजारात विकले. या टोळीला गावात कुणी पाणी विचारेना. तिसऱ्या रविवारी तो इंजिनिअर स्वतःच म्हणाला, “माझ्या पात्राला बैल परत आणायचेत.” बाजारात चौकशी केली तर बैल दोन हात फिरून भलतीकडंच गेलेले. तो शोधत राहिला, त्याला मिळाले नाहीत. संगणकावरच्या गेममध्ये मागचा टप्पा पुन्हा उघडता येतो. मी पोटापाण्यासाठी लिहिते त्या प्रोग्राममध्येही केलेलं मागं घ्यायची सोय असते. टेबलावर ती नाही. निघताना तो गप्प बसलेला मित्र मला म्हणाला, “आमच्याकडं तेव्हा कुणी विचारायलासुद्धा आलं नव्हतं.”

म्हणजे खेळात सगळं चालतं का? नाही. पहिला फासा पडायच्या आधीच आम्ही बसून ठरवतो. बायकांवरचे अत्याचार आणि लहान मुलांचा छळ आमच्या गोष्टीत येत नाही. ‘नियमात बसतं’ हे उत्तर आम्ही मानत नाही, आणि त्याला आधार आपल्याच महाभारताचा आहे. द्यूतसभेत सगळं नियमाच्या नावाखालीच चाललं होतं. द्रौपदीनं प्रश्न विचारला, तेव्हा भीष्म-द्रोणांसारखी जाणती माणसं सभेत बसलेली होती. तिच्या बाजूनं स्पष्ट बोलला तो कौरवांतला विकर्ण. खेळ कुठं थांबवायचा हे फासा सांगत नाही, टेबलाभोवती बसलेल्यांनीच सांगावं लागतं.

आपल्यातल्या बहुतेकांची मुलं आज मोबाइलवर काही ना काही खेळतात. “गेममध्येच तर मारलं,” असं ती म्हणतात. आपण एक तर फोन काढून घेतो, नाहीतर दुर्लक्ष करतो. माझी विनंती एवढीच की एकदा शेजारी बसून विचारा, “ज्याला मारलंस तो कोण होता? त्याच्या घरी पुढं काय झालं?” मूल वैतागेल, पण उत्तर शोधायला लागेल.

सर आणि बाई, तुम्ही वर्गात भांडण झालं की छडी उचलायच्या आधी दोघांना समोरासमोर उभं करून विचारायचात, “आता त्याच्या जागी तू उभा राहा. सांग, काय वाटतं?” त्यालाच आम्ही पुण्यात बसून मोठ्या इंग्रजी नावानं खेळतो. पुढच्या मेळाव्याला मी फासे घेऊन येईन. सूत्रधार तुमच्यापैकीच कुणीतरी व्हावं.